डाव्या पायाचा इतिहास

मोटारगाडीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात इंजिनाची थोरवी सांगितलेली असते, संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्यांची वर्णने असतात, शर्यती जिंकणाऱ्यांची नावे असतात. गाडी चालविणाऱ्याच्या डाव्या पायाला मात्र या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. वस्तुतः गाडी जागची हलते ती या पायाच्या संमतीने. उजवा पाय वेग वाढवितो किंवा आवरतो. डावा पाय इंजिन आणि चाके यांची गाठ घालून देतो आणि वेळ येताच ती सोडवितो. हा पाय ज्या पेडलावर असतो त्यालाच आपण बोलण्याच्या ओघात क्लच म्हणतो. खरा क्लच तेथून काही अंतरावर, इंजिनाच्या पाठीशी दडलेला असतो. पायाचा जोर त्याच्यापर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत त्याची उत्तरे बदलत गेली आणि त्यांपैकी एका बदलाने जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांपुढे आज एक पेच उभा केला आहे. जुन्या गाडीतील लोखंडी दांड्या काढून त्यांच्या जागी द्रवाच्या दाबावर चालणारी, म्हणजे हायड्रॉलिक, जोडणी बसविली, तर ती गाडी जुनीच राहते का? या प्रश्नाचा थोडा विचार मला आज करावयाचा आहे.

वाफेच्या इंजिनाला क्लचची गरज नव्हती. वाफ सोडली की ते स्थिर अवस्थेतूनही चाक ओढू लागते. पेट्रोलच्या इंजिनाचा स्वभाव वेगळा. ते फिरत असेल तरच त्याच्या अंगी जोर असतो. एकदा बंद पडले की बाहेरून फिरवून जागे करावे लागते. तेव्हा गाडी थांबली तरी इंजिन चालू राहावे, यासाठी दोहोंमध्ये एक सैल होणारी गाठ हवी. कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत ही सोय चामड्याच्या पट्ट्याने केली होती. पट्टा मोकळ्या कप्पीवरून घट्ट कप्पीवर सरकविला की गाडी चालू लागे. आपल्या गावोगावच्या पिठाच्या गिरण्यांत हीच युक्ती अनेकांनी पाहिली असेल. पुढे १८९१ च्या सुमारास फ्रान्समधील पानार आणि लेव्हासोर यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गिअर आणि मग मागची चाके अशी मांडणी रूढ केली. तीच पुढील पाऊणशे वर्षे बहुतेक मोटारगाड्यांची मांडणी ठरली.

त्या काळचा क्लच म्हणजे चामडे लावलेला एक शंकू. इंजिनाच्या जड चाकाला आतून तसाच उतार दिलेला असे आणि स्प्रिंगच्या जोराने हा शंकू त्यात घट्ट रुतून बसे. पेडल दाबले की तो मागे सरकून सुटा होई. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथील रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर उभारलेली एक चिलखती गाडी आहे. तिच्यासारख्या नामांकित गाडीचा क्लचही याच जातीचा, चामड्याचाच. या चामड्याची मर्जी सांभाळणे हे चालकाचे एक कामच होते. ते वाळले की एकदम पकडी आणि गाडी हिसका देऊन उसळे; मग त्याला जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेल पाजावे लागे. उलट ते तेलकट झाले की निसटू लागे. त्या वेळी त्यावर मुलतानी माती भुरभुरावी लागे. आज ज्या मातीचा लेप चेहऱ्याला लावतात, ती एके काळी मोटारीच्या हत्यारपेटीतही असे.

चामड्याचा शंकू मागे पडून त्याच्या जागी घर्षणाच्या अस्तराची कोरडी चकती आली. चकती घट्ट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगांचा एकत्रित जोर शेकडो पौंड भरतो. मनुष्याचा पाय दिवसभर, न थकता, जेमतेम वीस-तीस पौंडांचा दाब देऊ शकतो. हे अंतर तरफेने भरून काढावयाचे. पेडल ही एक तरफ. तिच्या खाली आडवा दांडा. त्यावर आखूड बाहू. बाहूला सळई किंवा तार. सळईच्या टोकाला काटा. आणि काट्याच्या तोंडाशी ते बेअरिंग, जे अखेर स्प्रिंगांवर रेलते. या साऱ्या सांगडीला गॅरेजमध्ये लिंकेज म्हणतात.

ही सांगड प्रामाणिक असते. डोळ्यांना दिसते, हाताने चाचपता येते, पान्याने आवळता येते आणि मोडली तर गावचा लोहारही तिला सांधू शकतो. परंतु तिच्यात दोन दोष असतात. पहिला दोष झिजेचा. प्रत्येक सांध्यात एक खीळ आणि एक भोक. प्रत्येक सांधा अर्धा मिलिमीटर सैल झाला, तर पाच-सहा सांध्यांची सैलाई मिळून तीन मिलिमीटर होते. आणि तरफेच्या हिशेबाने तीच पेडलाजवळ कितीतरी पटींनी वाढते. मग पायाचा पहिला इंच-दोन इंच प्रवास ही ढिलाई गोळा करण्यातच खर्ची पडतो, आणि पेडल तळाला टेकले तरी क्लच पुरता सुटत नाही. गिअर टाकताना जो दाताळ आवाज निघतो तो बहुधा या अपुऱ्या सुटकेचा असतो.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि त्याचे मूळ एका सुधारणेत आहे. प्रारंभी इंजिने गाडीच्या चॅसीला पक्की जखडलेली असत. त्यांची सारी थरथर बसणाऱ्याच्या हाडांत उतरे. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर अशा तऱ्हेने बसविले की ते जागच्या जागी डुलू शकेल. प्रवास सुखाचा झाला. इतर कारखान्यांनीही रबर स्वीकारले. पण पेडल राहिले चॅसीवर आणि क्लच राहिला डुलणाऱ्या इंजिनाबरोबर. दोघांना जोडणारी सळई मात्र ताठच. आता गाडी निघताना इंजिन जरा कलले की सळई आपोआप ओढली जाई. सळई ओढली की क्लचची पकड बदले. पकड बदलली की इंजिन पुन्हा कलंडे. चालकाचा पाय स्थिर असूनही गाडी थडथडत निघे. जीपसारख्या गाडीत एक आडवी नळी, तिचे एक टोक चॅसीवर आणि दुसरे गिअरपेटीच्या अंगावर टेकवून, या भांडणात मध्यस्थी करविलेली असते. मध्यस्थ ताजातवाना असेतोवर भांडण मिटलेले राहते. त्याचे सांधे झिजले की ते पुन्हा डोके वर काढते.

या दोन्ही दोषांवरील तोडगा मोटारीच्या जन्माआधीच जगाला ठाऊक होता. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पसरतो, हे तत्त्व फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल याने मांडले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्यावरून इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये द्रवदाबाच्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. त्यात दट्ट्याच्या कडेने पाणी गळू नये म्हणून चामड्याची एक वाटी वापरली गेली; दाब वाढेल तशी ती अधिकच घट्ट बसे. तिचे श्रेय ब्रामाचा हुशार कारागीर हेन्री मॉड्‌स्ले याला दिले जाते. मोटारीत हे तत्त्व प्रथम आले ते ब्रेकसाठी. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने १९१७ मध्ये द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट घेतले, १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे ब्रेक लागले, आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने चामड्याऐवजी रबराच्या वाट्या वापरून त्यांची गळती आटोक्यात आणली. क्लचच्या नळीत आज जी रबरी वाटी असते, ती मॉड्‌स्लेच्या चामडी वाटीचीच नात म्हणावयास हरकत नाही.

क्लचकडे ही विद्या सर्वसामान्य गाड्यांत वळली ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. कारण उघड आहे. नळीला वळणे दिली तरी तिच्यातील दाब कमी होत नाही. तिचा शेवटचा हातभर तुकडा लवचीक रबराचा ठेविला की इंजिन कितीही डुलले तरी पायाला त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय पेडले जमिनीतून न काढता पुढच्या पडद्याला वरून टांगता येतात, आणि एकच गाडी उजव्या वा डाव्या सुकाणूची बनविणे सोपे जाते. एम.जी. कंपनीच्या टी मालिकेतील गाड्यांचा क्लच सळईने किंवा तारेने चाले. १९५५ च्या एम.जी.ए.मध्ये तो द्रवदाबावर आला. लँड रोव्हरच्या पहिल्या मालिकेत दांड्या होत्या. १९५८ च्या दुसऱ्या मालिकेत नळी आली. तथापि ही वाटचाल सर्वत्र एकाच दिशेने झाली असे मानणे चुकीचे ठरेल. मॉरिस मायनरने १९७१ पर्यंत दांडीच राखली. फोक्सवागनच्या बीटलने २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटचा श्वास घेतला, तोवर तिचा क्लच तारेनेच ओढला जात होता. आणि १९८३ मध्ये आपल्याकडे आलेली मारुती ८०० हीसुद्धा तारेचीच. कारखानदाराने वजन, किंमत आणि दुरुस्ती यांचा हिशेब करून ज्याची त्याची निवड केली. दांडी अडाणी आणि नळी शहाणी, असा या इतिहासाचा अर्थ नाही.

आपल्या देशात हा प्रश्न सर्वांत अधिक भेटतो तो जीपच्या रूपाने. युद्धकाळातील जीप ही दांडी-तारेच्या युगातील गाडी. महिंद्र आणि महंमद या नावाने १९४५ मध्ये निघालेली आणि नंतर महिंद्र आणि महिंद्र झालेली कंपनी भारतात विलीज जीपची जुळणी करू लागली. अमेरिकेत विलीजच्या सी.जे.-३ बी या नमुन्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण त्याचे भारतीय वंशज त्यानंतरही कित्येक वर्षे निघत राहिले. शासनाच्या इतिहासात या गाडीला फार मोठे स्थान आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते पंचायत राज्याचा आरंभ झाला. या काळात गटविकास अधिकारी, तहसीलदार आणि डॉक्टर खेड्यापर्यंत पोचले ते बहुधा जीपमधून. दप्तर, लसीच्या पेट्या, बी-बियाणे यांची ने-आण तिनेच केली. मुदत संपली की त्या निर्लेखित होत, लिलावात निघत आणि कोणा शेतकऱ्याच्या, ठेकेदाराच्या किंवा शौकीन माणसाच्या दारी दुसरा जन्म घेत.

राजस्थानातील एका साध्या तहसिलीच्या गावाचे उदाहरण घेऊ. जयपूरच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर टोंकच्या वाटेवर चाकसू आहे. त्याला जोडणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हा आपल्यालाही परका नाही. तोच रस्ता पुढे कोटा, इंदूर करीत धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि सोलापूर येथून कर्नाटकात उतरतो. चाकसूजवळ शील की डूंगरी नावाच्या टेकडीवर शीतलामातेचे देऊळ आहे. होळीनंतरच्या शीतला अष्टमीला तेथे मोठा मेळा भरतो. आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न त्या दिवशी देवीला दाखवून खातात. अशा दिवशी टेकडीखालच्या रस्त्यावर बैलगाडीपासून बसपर्यंत सगळी वाहने मुंगीच्या चालीने सरकतात. वीस पावले पुढे, पुन्हा थांबा. पुन्हा वीस पावले. घाटात गाडीच्या इंजिनाची परीक्षा होते असे म्हणतात. जत्रेच्या रस्त्यावर क्लचची आणि चालकाच्या गुडघ्याची होते. साठ वर्षांच्या जीपचे जड, सैल आणि थडथडणारे पेडल अशा गर्दीत पाच-सहाशे वेळा दाबणे तरुणालाही नकोसे होते. आणि जुन्या गाडीचा मालक बहुधा तरुण नसतो. गाडी आणि गुडघे यांचे वय बरोबरीनेच वाढते.

म्हणून मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो आणि म्हणतो, हिला हायड्रॉलिक क्लच करून द्या. त्यात नेमके काय करतात? पेडलाजवळ एक सिलिंडर बसवितात. त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. गिअरपेटीच्या अंगावर, क्लचच्या बाहूशेजारी, दुसरा बसवितात. तो स्लेव्ह सिलिंडर. दोघांमध्ये नळी आणि तिच्यात ब्रेकचे तेल. येथे तरफेचे काम मापांवर येते. समजा, वरच्या सिलिंडरचा व्यास ३/४ इंच आणि खालच्याचा ७/८ इंच आहे. त्यांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण ३६ ला ४९ असे पडते. म्हणजे पायाचा जोर खाली सुमारे १.३६ पट होऊन मिळेल. पण वरचा दट्ट्या एक इंच सरकला तर खालचा ०.७३ इंचच सरकेल. निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने काढून घेतो. खालचा सिलिंडर फार मोठा घेतला तर पेडल लोण्यासारखे मऊ होईल, पण क्लच सुटणारच नाही. फार लहान घेतला तर क्लच हवा त्याहून अधिक ढकलला जाऊन त्याच्या स्प्रिंगांना इजा होईल आणि पेडलही जड राहील. त्यामुळे क्लचच्या बाहूला मुळात किती प्रवास लागतो हे आधी मोजावे, आणि मग सिलिंडर निवडावे, असा क्रम हवा. बाजारात हाती लागेल तो सिलिंडर आणून बसविण्याची घाई पुष्कळ ठिकाणी नडते.

आणखीही पथ्ये आहेत. खालचा सिलिंडर चॅसीला न बांधता इंजिन-गिअरपेटीच्याच अंगाला बांधावा. नाहीतर ज्या डुलण्यापासून सुटका हवी तेच पुन्हा पदरी पडते. ज्या पत्र्यावर वरचा सिलिंडर बसतो तो पातळ असेल तर पायाचा अर्धा जोर पत्रा वाकविण्यातच जातो. पेडलाला अडथळ्याचा खिळा हवा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखे दबते, कारण द्रव दबत नाही, हवा दबते. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते आणि गाडीचा रंग खाते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे व सांडू देऊ नये. राजस्थानच्या बारीक रेतीपासून दट्ट्याला जपण्यासाठी त्यावरील रबरी टोपी शाबूत असावी लागते. दांडी झिजते तेव्हा कुरकुरून सांगते. रबरी वाटी मात्र एखाद्या दिवशी मुकाट्याने फाटते आणि पेडल जमिनीला टेकते. नवी जोडणी निर्दोष असते असे नव्हे. तिचे दोष वेगळ्या प्रकारचे असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शासनाने या बाबतीत काय ठरविले आहे? केंद्रीय मोटार वाहन नियमांत १५ जुलै २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीने व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि नोंदणी-क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा इंधन भरणे अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वा व्यापारी वापरासाठी नाही. या व्याख्येमुळे केवळ महाराजांच्या गाड्यांनाच नव्हे, तर १९५० आणि १९६० च्या दशकांतील आपल्या साध्या सरकारी जीपलाही वारशाचा दर्जा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परंतु व्याख्येत एक अट आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरफार करण्यासारखी मोठी उलथापालथ झालेली नसावी. क्लचच्या दांड्यांचे नाव या अटीत नाही. तसेच मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळे होतील असा बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. पेडलाची जोडणी हा प्रमाणपत्रातील तपशील नव्हे. मग हा बदल मोकळाच आहे काय? अक्षरशः पाहिले तर कदाचित आहे. पण नियमाचे अक्षर पाहणाऱ्याने त्याचा हेतूही पाहावा. सिलिंडर बसविण्यासाठी चॅसीला भोक पाडले, पेडलाचा मूळ पाया कापून टाकला, गिअरपेटीच्या बिडावर वेल्डिंग केले, तर क्लचच्या निमित्ताने आपण चॅसी आणि सांगाडा यांनाच हात घातलेला असतो. तोच सिलिंडर कारखान्याने ठेविलेल्या भोकांतून, बोल्टने, एका वेगळ्या पट्टीवर बसविला, तर उद्या एका दिवसात सारे पूर्ववत करता येते. दोन्ही गाड्या चालताना सारख्याच चालतील. पण एकीत इतिहास पुसला गेला आणि दुसरीत तो केवळ बाजूला ठेविला गेला.

हा विवेक जगाने इमारतींच्या बाबतीत आधी शिकला. १९६४ च्या व्हेनिस सनदेत सांगितले आहे की, जुन्या वास्तूवर निरनिराळ्या काळांनी केलेली खरी भर मान्य करावी. पण नव्याने बसविलेला भाग मूळ भागाहून ओळखता आला पाहिजे. त्याच धर्तीवर ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये तुरीन सनद स्वीकारली. बदल उलटविता यावेत, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबरच जपावेत आणि केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असे तिचे सांगणे आहे. आपल्या परंपरेलाही हा विचार अनोळखी नाही. वेरूळचे घृष्णेश्वराचे देऊळ मालोजी राजांनी सावरले आणि अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी पुन्हा उभारले. म्हणून ते घृष्णेश्वराचे राहिले नाही असे कोणी म्हणत नाही. देवळाचे देऊळपण पूजेत असते, तसे यंत्राचे यंत्रपण चालण्यात असते. उभ्या उभ्या गंजणारी, मूळ दांड्यांची जीप ही जीपची मूर्ती आहे, जीप नव्हे.

तरीही दुसऱ्या पक्षाचे म्हणणे हलके लेखता येणार नाही. १९५५ साली ही गाडी हाकणाऱ्याच्या तळपायाला क्लचची थरथर जाणवत असे; ती जाणीव हाही एक पुरावा आहे आणि नळीतले तेल तो पुसून टाकते. शिवाय पेडल जड लागते याचा दोष पुष्कळदा मूळ रचनेचा नसतो, वर्षानुवर्षांच्या हेळसांडीचा असतो. कोरडे पडलेले सांधे, अंडाकृती झालेली भोके, ताणलेली तार, चुकीची लावणी. नवे बुश, नव्या खिळा आणि थोडे वंगण यांनी जे काम होईल त्यासाठी सांगड उपटून टाकण्याचे कारण नाही. म्हणून मला तीन पायऱ्यांचा क्रम योग्य वाटतो. प्रथम मूळ जोडणी नीट दुरुस्त करून पाहावी. त्यानेही गाडी चालविणे शक्य होत नसेल, तर उलटविता येईल असाच बदल करावा. आणि तिसरी पायरी, जिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, ती नोंदीची.

या तिसऱ्या पायरीचे मोल चाकसूचा जुना इतिहासच सांगतो. गावाचे पूर्वीचे नाव चाटसू. तेथे गुहिल वंशातील बालादित्याचा एक शिलालेख सापडला. त्याचे वाचन करून देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तो एपिग्राफिया इंडिका या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध केला. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या या विद्वान पुत्राने ते परिश्रम घेतले नसते, तर भर्तृपट्टापासून बालादित्यापर्यंतची गुहिलांची ही शाखा आपल्याला बहुतांशी अज्ञातच राहिली असती. ज्या देवळासाठी तो लेख कोरला गेला ते देऊळ लेखाने वाचविले नाही. पण ते कोणी, कशासाठी बांधले, हे मात्र त्याने सांगून ठेविले. दगडाची वास्तू ढळली तरी तिची नोंद तिच्या वतीने साक्ष देते.

जुन्या जीपच्या मालकाला शिलालेख कोरण्याची गरज नाही. एक साधी वही पुरे. तिच्यात लिहावे: अमुक तारखेला, अमुक कारणासाठी, क्लचची मूळ जोडणी काढली, वरचा सिलिंडर इतक्या मापाचा, खालचा इतक्या, चॅसीला नवे भोक पाडलेले नाही, काढलेली नळी, सळई, बाहू आणि खिळा तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पेटीत ठेविल्या आहेत. काढण्यापूर्वीची चार छायाचित्रे त्याच वहीत चिकटवावीत. गाडी विकली तर वही आणि पेटी गाडीबरोबर जावी. व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी तपासणाऱ्या राज्य समितीनेही अशी वही मागावी, आणि प्रामाणिकपणे नोंदविलेल्या, उलटविता येणाऱ्या बदलाला लपविलेल्या बदलाच्या पंगतीत बसवू नये. लपविण्याला बक्षीस आणि सांगण्याला दंड अशी रीत पडली, तर पुढील पिढीच्या हाती चकचकीत गाड्या पुष्कळ येतील, पण त्यांच्यातील एकीवरही विश्वास ठेवता येणार नाही.

मोठमोठ्या राजवाड्यांतील गाड्यांची काळजी घ्यायला माणसे आहेत. काळजी वाटते ती गावोगावच्या जीपची. जिने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत शासन खेड्याच्या वेशीपर्यंत नेले आणि जिची नोंद ठेवावी असे कोणाला सुचले नाही. तिचा मालक तिला चालवू पाहतो, म्हणूनच ती अजून आहे. त्याच्या गुडघ्याला नळीतल्या तेलाने आराम मिळत असेल तर तो त्याने खुशाल घ्यावा. फक्त जुन्या दांड्या भंगारवाल्याच्या तराजूत घालू नयेत. त्यांचे वजन चार-पाच किलोपेक्षा अधिक भरणार नाही.